उन्हाळी लागली

सहावा महिना सरत आला तेव्हा मला लघवीला जळजळ व्हायला लागली. मी सासूबाईंना सांगितलं.

"उन्हाळी लागली हाय. पोटुशी बाईला उष्णता व्हतीच," त्या म्हणाल्या. त्यांनी धणे भिजत घातले आणि ते पाणी गाळून, खडीसाखर घालून मला पाजलं. शेजारच्या काकूंनी बेंबीला एरंडेल लावायला सांगितलं. दोघींनाही त्यांच्या वेळी असंच झालं होतं आणि दोघींची पोरं धडधाकट होती. त्यामुळं दवाखान्याचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. असलं दुखणं बाहेर कसं बोलायचं?

मग एका दुपारी थंडी वाजून ताप भरला आणि कंबरेतून कळा सुरू झाल्या. नवऱ्यानं जीप करून कोऱ्हाळ्याहून बारामतीला नेलं. पहाटे मुलगी झाली. संध्याकाळपर्यंत ती गेली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवीला जळजळ होत होती का?"

"व्हय."

"इन्फेक्शन होतं ते. त्यामुळंच कळा लवकर आल्या असणार. गोळ्यांनी बरं झालं असतं."

"मला वाटलं, उन्हाळी हाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

मला रडू आलं नाही. त्यांचा रागही आला नाही. घरी परतताना आमची जीप कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉलीमागं अडकली. सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. मी तो तसाच राहू दिला.