दलदलीतला फुकट्या

एकोणतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यावर काकूंना नोकरी लागली ती राक्षसांच्या राज्यात. छापखाना बंद पडला होता, डोळे अजून शाबूत होते, आणि चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरचे गेम बनवणाऱ्या मंडळींना चुका शोधणारं माणूस हवं होतं. चुका शोधणं म्हणजे काकूंचा हातखंडा. पहिल्याच दिवशी त्यांनी दारावरच्या पाटीतली वेलांटी दुरुस्त करायला लावली. तेव्हापासून कचेरीत त्यांचं नाव पडलं काना-मात्रा काकू.

पंचाईत एकच होती, काकूंना खेळता येत नव्हतं. गेममधला योद्धा जंगल आणि दलदल ओलांडून किल्ल्यापर्यंत जायचा. बाकीचे तपासनीस तासाभरात किल्ला सर करत. काकूंचा योद्धा भिंतीवर कपाळ आपटे, चिखलात रुते, कोंबडीएवढ्या राक्षसाच्या हातूनही मार खाई.

"दिवसभर खेळतेस आणि वर दमून येतेस?" घड्याळं दुरुस्त करणारा नवरा भिंग न काढताच विचारी.

"तुम्ही मेलात का कधी एका दिवसात चाळीस वेळा?" काकू म्हणत आणि गरम पाण्यात पाय सोडून बसत.

त्या सगळ्या जगात काकूंच्या जिवावर न उठलेलं एकच जनावर होतं. दलदलीत राहायचं ते. मुठीएवढं, करड्या केसांचं, एक कान मुडपलेला. जवळ गेलं की बाजूला सरून वाट द्यायचं. ते चावत नसे, लढत नसे, त्याच्याकडून ना सोनं मिळे ना गुण. म्हणून सगळे त्याला फुकट्या म्हणत. काकूंचा योद्धा मेला की दलदलीच्या काठावर पुन्हा जिवंत होई, आणि तिथे बहुतेक वेळा हा बसलेला असे. काकूंना त्याचा फार आधार वाटे.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी यादी वाचली. गेम जड झाला होता, काही गोष्टी कमी करायच्या होत्या. यादीत पहिलं नाव फुकट्याचं.

"कामाचा ना धामाचा," साहेब म्हणाले. "शुक्रवारी उडवून टाका."

त्याला जिनं रेखाटलं होतं ती चित्रकार खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिली. काकूंनी चष्मा नाकावर सरळ केला.

"साहेब, शुक्रवारपर्यंत त्याचं काम काय ते मी शोधते."

"काकू, दलदल मी स्वतः बांधलीय. काम असतं तर मला ठाऊक नसतं?"

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक कधीच दिसत नाही, हे त्यांनी एकोणतीस वर्षं पाहिलं होतं. तो कागदावरचं वाचतच नाही, डोक्यातलं वाचतो. म्हणून त्या मुद्रित शेवटच्या ओळीपासून उलटं वाचत. वाक्याचा ओघ तुटला की प्रत्येक शब्द जसा आहे तसा समोर येतो.

त्यांनी गेमही तसाच उलटा धरला. तपासनिसांच्या सोयीसाठी योद्धा हवा तिथे उभा करता येई. काकूंनी त्याला किल्ल्याच्या दारात उभा केला आणि दलदलीत मागून शिरल्या. शिवाय पडद्याच्या कोपऱ्यातला नकाशा बंद केला. तो फक्त कचेरीतल्या लोकांसाठी होता, गेम विकत घेणाऱ्याला मिळणार नव्हता. झालं, काकू हरवल्या. धुकं, पाणी, लव्हाळ्याची बेटं, जिकडे पाहावं तिकडे सारखंच. मंगळवार अख्खा चकवा लागल्यासारखा गेला.

बुधवारी कंटाळून त्या फुकट्याजवळ जाऊन नुसत्या थांबल्या. दुसरं कोण होतं ओळखीचं? गेममधला सूर्य कलला तसा फुकट्या उठला आणि तुरुतुरु चालू लागला. काकू मागोमाग. लव्हाळं ओलांडून, चिखल टाळून तो थेट पुलापाशी आला आणि पुलाखालच्या बिळात शिरला. पुलावरून कोरडा रस्ता सुरू होत होता. काकूंनी दलदलीच्या पाच कोपऱ्यांतून पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा पूल.

"अगं, हा पुलाशी कसा जातो?" त्यांनी चित्रकाराला गाठलं.

"त्याचं घर आहे तिथं," ती हळूच म्हणाली. "बिनघराचं जनावर मला काढताच येत नाही. संध्याकाळ झाली की घरी जायचं, एवढंच शिकवलं मी त्याला. हसतील म्हणून सांगितलं नाही कुणाला."

शुक्रवारी काकूंनी साहेबांना आपल्या खुर्चीत बसवलं.

"साहेब, दलदल ओलांडून दाखवता?"

"तीन मिनिटांचं काम."

"नकाशा बंद करून."

सगळी कचेरी खुर्चीमागे गोळा झाली. पाच मिनिटं गेली. एकच वाळकं झाड साहेबांना चार वेळा भेटलं. ते चिखलात बुडाले, काठावर जिवंत झाले, परत बुडाले. त्यांचे कान लाल झाले.

"इथं कुठंतरी पूल होता."

"आहे की," काकू म्हणाल्या. "तुम्हीच बांधलाय."

तिसऱ्यांदा बुडून वर आल्यावर साहेबांनी माऊसवरचा हात काढला.

"नकाशाशिवाय इथून कुणीच बाहेर पडणार नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात सूर्य कलला. काठावरचा फुकट्या उठला.

"आता याच्या मागे जा," काकू म्हणाल्या.

साहेब गेले. ना बुडाले, ना भरकटले. पूल समोर आला तेव्हा चित्रकारानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

साहेबांनी यादी मागवली. फुकट्याच्या नावापुढे 'उपयोग' असा रकाना होता, कोराच. त्यांनी नावावर मारलेली काट स्वतः खोडली आणि पेन काकूंच्या हातात दिलं.

"लिहा काकू. तुमच्या अक्षरात."

काकूंनी लिहिलं, 'रोज घरी जातो.' मग सवयीनं एकदा उलटं वाचून पाहिलं. चूक नव्हती.

त्या घरी पोचल्या तेव्हा नवरा घड्याळाचं पोट उघडून बसला होता.

"आज किती वेळा मेलीस?"

"एकदाही नाही," काकू चपला काढत म्हणाल्या. "आज साहेब मेले. तीनदा."