पाण्यातला बाळकृष्ण आणि लीनाबाईंचे व्हायोलिन

॥ श्री ॥

आमच्या देवघरातील बाळकृष्णाच्या चरणी मस्तक ठेवतो. मंडळाच्या संक्रांत विशेषांकात ‘अमानवीय अनुभव’ या सदरासाठी लिहावे असा संपादकांचा प्रेमळ आग्रह झाला, त्या निमित्ताने हा वृत्तान्त सादर करीत आहे.

आरंभीच निवेदन करतो — मी आस्तिक आहे, पण चमत्कारांवर माझा विश्वास कधीच नव्हता. जन्मभर हैदराबादेत संस्कृत शिकवले. परमेश्वर सर्वव्यापी आहे हे मान्य. परंतु तो आबिड्समधल्या एका इमारतीचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवील, असे कोणत्याही भाष्यात माझ्या वाचनात आले नव्हते...

गत पौषातील गोष्ट. गुरुवारचे भजन चालू होते. आमच्या सौभाग्यवती सुमतीबाई पेटीवर होत्या. इतक्यात दारात एक गोरे जोडपे, बूट हातात धरून, उभे राहिले. रस्त्यावरून पेटीचा सूर ऐकू आला, म्हणून वर आलो, असे त्यांनी इंग्रजीत सांगितले. नावे मार्त आणि लीना. देश एस्टोनिया — जो मला नंतर नातवाच्या नकाशात शोधावा लागला. ती व्हायोलिन वाजवीत असे, तो खर्जात गात असे. सुटीवर आले होते आणि नामपल्ली स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले होते.

"लीना म्हणजे आपलंच नाव की हो!" असे म्हणून सुमतीबाईंनी त्यांना जेवायलाच बसवले. पुढे आम्हीच त्यांचे वाटाडे झालो. मी कानटोपी आणि मफलरमध्ये, अन् ते दोघे अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत, असे आम्ही शहर हिंडलो. गोवळकोंड्याच्या दरवाजात टाळी वाजवली की वर किल्ल्यापर्यंत ऐकू जाते. लीनाबाईंनी तेथे टाळीऐवजी व्हायोलिन वाजवले. पहारेकऱ्याने हरकत घेतली, मग स्वतःच आणखी एकदा वाजवायला सांगितले.

परतताना मार्तने एक मातीचे मडके विकत घेतले. त्यावर त्याचे इतके प्रेम बसले की रिक्षातून तो ते तान्ह्या मुलासारखे कवटाळून उतरला. रिक्षा गेली... आणि त्याच्याकडे सांभाळायला दिलेले व्हायोलिन सीटच्या मागे राहिले.

ते लीनाबाईंच्या दिवंगत मातोश्रींचे होते.

स्टँड पालथे घातले, पोलिसांत तक्रार दिली, उपयोग शून्य. लीनाबाईंनी पतीशी बोलणे बंद केले. अर्थात बोलायचे असे, पण माझ्यामार्फत! आमच्या दिवाणखान्यात दोघे समोरासमोर बसत आणि ती म्हणे, "पंडितजी, या गृहस्थांना सांगा, परवाच्या विमानाने मी एकटी जाणार. यांनी मडक्याबरोबर इथेच राहावं." मी ते शब्दशः पोचवी. मार्त मान खाली घालून म्हणे, "पंडितजी, तिला सांगा, मला क्षमा करावी." मी तेही पोचवी. लग्नात मंत्र सांगितले होते. मोडत्या संसारात दुभाषी होण्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुमतीबाईंनी बाळकृष्णाला तपेल्यात, पाण्यात ठेवले.

"अहो, हे काय आरंभलंत? ईश्वराला वेठीस धरणं शास्त्राला संमत नाही."

"तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. त्या पोरीचं तोंड बघवत नाही मला. व्हायोलिन मिळेपर्यंत हा बाहेर येणार नाही."

"निदान पाणी तरी कोमट..."

"कोमट पाण्यात बसला तर आठवडाभर हलायचा नाही तो. मला चांगला ठाऊक आहे!"

सकाळी पाहुणे आले. लीनाबाई तपेल्यात डोकावल्या आणि घाबरून म्हणाल्या, "याला शिक्षा झाली आहे का? हा श्वास कसा घेतो?" मी म्हणालो, "शिक्षा नव्हे, स्मरण." मार्त हळूच म्हणाला, "शिक्षाच असेल तर याच्या जागी मला ठेवा."

दुपारी, आमची जेवणे आटोपत असताना, बेल वाजली.

दारात एक मध्यमवयीन सावळा मनुष्य उभा होता, अंगावर रिक्षावाल्याचा खाकी सदरा. नखशिखान्त भिजलेला. बाहेर कोरडे खडखडीत ऊन! त्याच्या केसांतून पाणी निथळत होते, दात वाजत होते आणि काखेत व्हायोलिनची पेटी होती. पेटीला मात्र पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता.

"अम्मा, ये बाजा तुम्हारेच मेहमानां का है ना?"

लीनाबाईंनी किंचाळून पेटी घेतली. मी विचारले, "भाई, घर कैसा मिला तुमकू?"

"यहींच रहतूं ना मैं," असे म्हणून तो सणसणीत शिंकला.

सुमतीबाईंनी पंचा पुढे केला. "चहा घ्या, गरम आहे."

"चाय नक्को अम्मा... मस्का है क्या?"

सुमतीबाईंनी सकाळीच काढलेले लोणी वाटीत आणून दिले. त्याने उजव्या हाताच्या बोटाने ते चाटूनपुसून खाल्ले, वाटी परत केली आणि अगदी अदबीने, परंतु थोड्या तक्रारीच्या सुरात म्हणाला,

"अम्मा, अब तो निकालो उनकू. पानी भोत ठंडा है."

आणि गेला.

तपेले आतल्या देवघरात होते. दारातून ते दिसत नाही. मी कठड्यावरून खाली ओरडलो. वॉचमन म्हणाला, "एव्वरू रालेदु, पंतुलुगारू!" कोणीच आले नाही. आमच्या दाराशी मात्र पाण्याचे थारोळे साचले होते. जिन्याच्या पायऱ्या कोरड्या होत्या.

सुमतीबाई देवघरात धावल्या. तपेले काठोकाठ भरलेले होते, बाळकृष्ण तळाशी रांगत होता. त्यांनी त्याला उचलून फडक्याने पुसले. फडके माझ्या हातात दिले... ते कोरडे होते.

दिवाणखान्यात व्हायोलिन लागले. मार्त भीतभीत खर्जात गाऊ लागला. मधेच लीनाबाई थांबल्या आणि त्याच्याकडे वळून, माझ्यामार्फत नव्हे, थेट त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. मार्तचे डोळे भरून आले. तो माझा हात धरून म्हणाला, "पंडितजी, ती म्हणाली, मी बेसूर आहे!"

मग त्याने विचारले, "तो मनुष्य कोण होता?"

"घरचाच आहे," सुमतीबाई म्हणाल्या, आणि वाटी घासायला घेतली नाही. ती अजून देवघरात आहे.

दोघे एकाच विमानाने गेले. मडकेही नेले; ते लीनाबाईंच्या मांडीवर होते.

मी तर्क पुष्कळ केले. रिक्षावाल्याने गाडी धुतली असेल, पत्ता कोणी सांगितला असेल, मूर्तीचे पितळ पाणी धरत नसेल... एकेक तर्क उभा राहतो, पण सगळे एकत्र उभे राहत नाहीत.

मात्र गेल्या महिन्यात नातीच्या परीक्षेसाठी सुमतीबाईंनी पुन्हा तपेले काढले, तेव्हा मी शास्त्राचा विषय काढला नाही. उठलो, गॅस पेटवला आणि पाणी कोमट करून दिले.

वाचकहो, आपले घर सुरांनी भरलेले राहो, घरातली माणसे एकमेकांशी थेट बोलत राहोत, आणि दाराशी कोणी भिजून आलाच, तर त्याच्यासाठी वाटीत लोणी असो. शुभं भवतु.