माईक न दिलेले अकरा जण

माझं लग्न होऊन तीनच वर्षं झाली होती. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि बाहेर सोप्यात सासऱ्यांचं आणि धाकट्या दिरांचं जुंपलं होतं. दीर म्हणजे हंबीरराव. साताऱ्याच्या भरतीत निवडून फौजेत गेलेले, सुट्टीवर आलेले. आणि सासऱ्यांना त्याच दिवशी परक्या माणसाकडून कळलं होतं की पोराच्या हातात बंदूक नाही, बाजा आहे.

सासरे स्वतः बर्मात लढून आलेले. दंडावर गोळीचा वण होता, तो पाहुण्याला चहाच्या आधी दाखवायचे. त्यांनी गावभर सांगितलेलं, आमचा हंबीर सीमेवर हाय. हंबीरराव सीमेच्या बरेच अलीकडं, एका मैदानात, गोगलगाईसारखा वळलेला पितळी फ्रेंच हॉर्न फुंकत होते.

"आपल्या घरात वाजवत न्हाईत, वाजवून घेत्यात," सासरे म्हणाले.

"बाबा, फौज पाय उचलती ती आमच्या ठेक्यावर."

"आन दुश्मन आला म्हंजे? त्येची वरात काढणार?"

मला हसू आवरेना, तव्यावरची भाकरी करपली. पण पुढचं भाऊजी जे बोलले ते हसण्यासारखं नव्हतं. म्हणाले, "एकदा ऐका तरी. मग काय बोलायचं ते बोला."

सासऱ्यांनी ऐकलं नाही. त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही.

भाऊजी चोवीस वर्षं बँडमध्ये राहून हवालदार होऊन परत आले. पचमढीला फौजेच्या बँडशाळेत शिकून त्यांनी ती सुरांची पाच रेघांची लिपी डोक्यात भरली होती. मला ती कागदावर हरभरे सांडल्यासारखी दिसायची. फौजेचा बाजा फौजेत राहिला, म्हणून मेरठहून स्वतःचा मागवला. रोज पहाटे गोठ्यापाशी उभं राहून एकच सूर लांबवर धरायचे. आमच्या म्हशीला त्याची इतकी सवय झाली की त्याशिवाय ती पान्हा सोडेना. मनुबाई, म्हणजे माझी जाऊ, मूलबाळ न होताच गेली, तेव्हापासून त्यांचं जेवणखाण आमच्यातच.

कडेगावात स्टँडजवळ मधु मास्तरांचा ब्रास बँड आहे. लग्नाची वाजवणारी दहा माणसं, सगळी कानावर शिकलेली. भाऊजींनी त्यांना लिहून द्यायला सुरुवात केली. नवीन गाणं आलं की मोबाईलवर ऐकायचं, ज्याचं त्याचं पान वेगळं लिहायचं आणि गुरुवारी सायकलीवरून नेऊन द्यायचं. वाचायलाही त्यांनीच शिकवलं. भावकीत कुजबुज झाली की हवालदार वाजंत्र्यांच्या पंगतीला बसतो. बसायचे. मटण चांगलं असायचं म्हणायचे.

माझा नातू ऋषिराज बाराखडीच्या आधी ते हरभरे वाचायला शिकला, भाऊजींच्या मांडीवर. त्यांना आबा म्हणायचा. पुढं पुण्याला गेला आणि सौमित्र नावाच्या मोठ्या संगीतकाराकडं कामाला लागला. हे सौमित्र मूळचे सांगलीतल्या विश्रामबागेचे. 'वज्रद्वीप' नावाच्या चित्रपटांना त्यांचं संगीत आहे. मी त्याचे तीन भाग बघितलेत. एक राणी आहे, तिचा घोडा उडतो, समुद्रातून साप निघतात आणि तीन भाग झाले तरी बाई घरी पोचलेली नाही. पण संगीत म्हणाल तर अंगावर काटा येतो. शंभर माणसं एकदम वाजवतात, आणि राणी एकटी पडली की मागून फक्त हॉर्न येतो. पहिल्या भागाच्या वेळी भाऊजी थिएटरात उठून उभे राहिले होते. मागचा माणूस ओरडला तेव्हा बसले.

गेल्या गणपतीत ऋषिराज घरी आला तो बातमी घेऊनच. सौमित्र सर माघात आपल्या गावी, विश्रामबागेच्या मैदानावर, त्या चित्रपटांचं सगळं संगीत स्टेजवर करणार. मोठ्या पडद्यावर राणी आणि खाली वाद्यवृंद. पितळी बाजे वाजवायला सरांना इथलीच माणसं हवीत. आबा आणि मधु मास्तरांचा बँड, मिळून अकरा.

भाऊजी उठून गोठ्यात गेले. थोड्या वेळानं आले तेव्हा डोळे धुतलेले होते.

दुसऱ्या दिवशी कडेगावला जाऊन त्यांनी बँडच्या माणसांना शब्द दिला. म्हणाले, "आजपतूर लोकांनी तुमच्या म्होरं नाच केला, तुमाला ऐकलं न्हाई. सांगलीत खुर्चीवर बसून ऐकतील." त्या एका वाक्यावर मधु मास्तरांनी माघातल्या लग्नांच्या तारखा सोडल्या.

ऋषिराजनं खरीखुरी पानं पाठवली, हॉर्नचं वेगळं, ट्रम्पेटचं वेगळं. रोज संध्याकाळी आमच्या खळ्यावर तालीम. वाजवणं त्यांना जड गेलं नाही. जड गेलं ते थांबणं. त्या संगीतात म्हणे चौसष्ट चौसष्ट मात्रा गप्प बसायचं असतं आणि बरोबर पासष्टाव्याला सगळ्यांनी एकदम सूर उचलायचा. वरातीत गप्प बसलं तर नवरदेवाचा मामा अंगावर येतो, त्यांना ती सवय कुठली? भाऊजींनी मग फौजेची रीत काढली. बाजा काखेत घेऊन खळ्याभोवती चालायचं, एक पाऊल एक मात्रा. अकरा बापई माणसं मुकाट्यानं गोल फिरतायत आणि चौसष्टाव्या पावलाला थांबून एकदम फुंकतायत, हे बघायला गावातल्या बायका धुणं टाकून यायच्या.

एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. दिवाळीला ऋषिराज माझ्यापाशी बसून चकल्या खात होता. सहज बोलून गेला, आजी, पितळी बाजे तर सगळे कॉम्प्युटरात आहेत, परदेशात वाजवून घेतलेत. मी म्हटलं, मग हे कशाला घाम गाळतायत? तो म्हणाला, लागतं तसं, आणि आणखी एक चकली मागितली. मी पुढं विचारलं नाही. अडाणी आहे म्हणून नाही. उत्तर मला नको होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळे टेम्पोतून सांगलीला गेले. मीही भाकरीचा डबा घेऊन गेले. त्या दिवशी वाजवायचं नव्हतं, नुसत्या जागा ठरवायच्या होत्या. पुण्या-मुंबईची पोरंपोरी व्हायोलिनं घेऊन बसली होती, एकेकाच्या व्हायोलिनला बारीक माईक. मधु मास्तरांच्या ते लक्षात आलं.

"हवालदार, त्यास्नी समद्यास्नी वायरी लावल्यात. आपल्याला कायबी न्हाई."

भाऊजी हसले. "त्यांचा आवाज दुसऱ्या रांगंला जात न्हाई, म्हणून वायर. आपला बाजा हितनं मिरजंला ऐकू जातोय, गड्या."

अकराही जण हसले. जन्मभर उघड्यावर वाजवलेल्या माणसांकडूनच अशी चूक होते. माईक दिला नाही, हा त्यांना मान वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेजमागं काय झालं ते मला नंतर भाऊजींनी थोडं आणि मधु मास्तरांच्या बायकोनं बरंच सांगितलं. अकरा जणांना राणीचे सैनिक म्हणून सोनेरी पुठ्ठ्याची चिलखतं घातली. मग एक माणूस पिशवी घेऊन आला आणि प्रत्येक बाजाच्या तोंडात पिवळा स्पंज कोंबत सुटला. म्हणाला, काका, फुंकायचं नाही, नुसते ओठ लावायचे, तुमचा आवाज लॅपटॉपवरून आहे. बोटं मात्र बरोबर हलवा, कॅमेरा जवळ येतो.

बोटांसाठी गणपतीपासून माघापर्यंतची तालीम.

भाऊजींनी ऋषिराजला बोलावून घेतलं. तो गळ्यात कार्ड घालून आला, नजर मोबाईलवर.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"पहिल्यापासून, आबा." मग भरभर बोलला. सर ऐकणार नव्हते, तुम्हाला एवढ्या मोठ्या स्टेजवर बघायचं होतं, तुम्ही इतके खुशीत होता की सांगायला तोंडच उघडेना. "आता काही गडबड झाली तर माझं काम जाईल, आबा. एवढी एक संध्याकाळ."

दहा माणसं भाऊजींकडं बघत होती. त्यांच्यात असं ठरलेलं, भाऊजींनी उजव्या हाताचं बोट वर केल्याशिवाय कुणी सुरू करायचं नाही, आणि बोट वर झालं की काही झालं तरी मागं हटायचं नाही. त्यांनी बोट वर केलं असतं तर दहाही जणांनी स्पंज उपटून फेकले असते आणि सांगलीनं खरा बाजा ऐकला असता. ऋषिराजचं जे व्हायचं ते झालं असतं.

भाऊजींचं बोट उठलं नाही.

मी तिसऱ्या रांगेत गादीच्या खुर्चीवर होते. धूर सोडला, दिवे लागले, पडद्यावर घोडा उडाला. मधु मास्तर आणि बाकीचे गाल फुगवत होते. भाऊजी तेवढे बाजा मांडीवर उभा धरून सावधान बसलेले, ओठाला लावलाच नाही. आणि राणी एकटी पडली तेव्हा हॉर्न आला. गोड होता, खोटं कशाला बोलू? पण भिंतीपलीकडून भाऊजींचा हॉर्न मी तीस वर्षं ऐकलाय. सूर धरण्याआधी ते श्वास घेतात तो मला ऐकू येतो. या सुराला श्वासच नव्हता.

शेजारची बाई म्हणाली, तुमचे दीर ना ते? काय सुंदर वाजवतात.

मी हो म्हटलं. हेही सांगून टाकते, मी हो म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या मांडवात गेले तर सगळे चिलखतं उतरवत होते.  मधु मास्तरांनी ट्रम्पेटमधला स्पंज काढून भाऊजींच्या हातावर ठेवला.

"मयताच्या नाकात कापूस घालत्यात तसा घातला की वो हवालदार," ते म्हणाले. "पर गप बसायला तुमी झ्याक शिकवलं."

"मधु, मला ठावं नव्हतं."

"पोरगं तुमचं. पानं तुमच्या हातनं आली. आन धरा, नव्हतं ठावं. स्पंज घातल्यावर तर ठावं झालं? बोट का उचललं न्हाई?"

 परतताना टेम्पो आमच्यासाठी थांबला नाही. आम्ही एसटीनं आलो. भाऊजींनी दोन तिकिटं काढली आणि बाजा मांडीवर घेऊन बसले.

त्यानंतर त्यांनी हॉर्न फुंकला नाही. तो कपाटावर गेला, आत स्पंज तसाच. मी एकदा काढायला गेले तर म्हणाले, राहू द्या वैनी.

पाडव्याला ऋषिराज आला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. भाऊजी उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली. "या, बसा. पाणी घ्या. पुण्याला पाऊसपाणी कसं काय?" ज्याला मांडीवर घेऊन शिकवलं त्याला अहो-जाहो. पोरगं स्वयंपाकघरात येऊन माझ्या पदरात रडलं. म्हणालं, "आजी, त्यांना सांग ना मला शिव्या घालायला."

मी म्हटलं, "बाळा, शिव्या आपल्या माणसाला घालतात."

त्याचं काम टिकलं. चौथ्या भागाचं संगीत चाललंय म्हणे.

गुरुवार मात्र भाऊजींनी सोडला नाही. कडेगावला जायचे तर बँडच्या खोलीचं शटर खाली. आत माणसं असायची, बोलणं ऐकू यायचं, भाऊजींची सायकल वाजली की बोलणं थांबायचं. ते शटरखालून पानं सारायचे आणि परत यायचे. मी म्हटलं, कशाला उगाच जाता? म्हणाले, "गाणं नवं आलंय. त्यास्नी लागंल."

वैशाखात आमच्या रस्त्यानं वरात गेली, मधु मास्तरांचाच बँड. गाण्याच्या मधोमध सगळे एकदम चार मात्रा थांबले आणि पाचव्याला एकदम सुरू झाले. तसं दुसऱ्या कुणाच्या लिहिण्यात येत नाही. भाऊजी गोठ्याच्या दारात उभे होते, पायानं चार मोजले. मधु मास्तर दहा पावलांवरून गेले, मान वळवली नाही. पानं त्यांना चालत होती, माणूस चालत नव्हता.

श्रावणातल्या एका शुक्रवारी पहाटे भाऊजी झोपेतच गेले. आदल्या दिवशी, गुरुवारी, छातीत भरून येतंय म्हणत होते, म्हणून सायकल न नेता वडापच्या जीपनं मी त्यांच्याबरोबर कडेगावला गेले. डॉक्टरकडं चला म्हटलं, तर म्हणाले, आधी काम. शटरपुढं एक गुडघा टेकून बसले. पिशवीतून पानं काढली आणि दुमडू नयेत म्हणून एकेक करून सारली, पहिलं ट्रम्पेटचं, शेवटचं सगळ्यात मोठ्या बाजाचं. ते निम्मं आत गेलं आणि नेहमीसारखं आतून कुणीतरी ओढून घेतलं. शटर काही उघडलं नाही. भाऊजींनी माझा हात धरून उठत गुडघ्यावरची धूळ झटकली, आणि समोरच्या दुकानातून घरासाठी पावशेर चहापूड घेतली.