तीनदा धुतलेलं केंदाळ

नागप्पा फुलारी कॉलेजात शिपाई होते, पण त्यांच्या हातांना ही गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. हात फुलाऱ्याचेच राहिले. साहेबांच्या टेबलावर फाइल ठेवायची तरी ती दोन्ही हातांनी, देवापुढं परडी ठेवावी तशी. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या ते अशा लख्ख धूत, की नळी रॅकमध्ये आहे की नाही हे बोट लावूनच कळायचं. मुलं त्यांना मामा म्हणत. येडू म्हणून दुसरा शिपाई होता, हातपाय हलवायचा त्याला मुळातच कंटाळा. तो सगळ्यांना सांगायचा, की मामा झाडूसुद्धा धुऊन ठेवतात. त्यात थापेचा भाग काहीच नव्हता. मामा खरोखरच झाडू धूत.

ही सवय होसकट्टीची. सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर एस.टी.नं पाऊण तास गेलं, की हे गाव लागायचं आणि गावाखाली बांध घातलेलं तळं. तिथं फुलाऱ्यांची चार घरं होती. आसपासच्या देवळांना कमळं आणि बेल पुरवायचं काम त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नागप्पांचे वडील वीरभद्रप्पा छातीला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पाण्यात उतरत आणि खांद्यावर कमळांचा भारा घेऊन वर येत. काठावर एक काळा सपाट दगड होता. त्यावर बसून प्रत्येक कमळ तीनदा धुवायचं, पिवळं पान खुडायचं, देठाचा काळा पडलेला भाग खुडायचा, किडीनं खाल्लेलं बाजूला काढायचं. खुडलेलंही फेकायचं नाही. देवासाठी पाण्याबाहेर काढलेलं ते, कुणाच्या पायाखाली येता कामा नये. केळीच्या सोपटानं त्याची जुडी बांधायची, दगडामागच्या बांधातल्या कोनाड्यात ठेवायची आणि श्रावणात सगळ्या जुड्या एकदम मातीत पुरायच्या. यात एकदा हयगय झाली तेव्हा नागप्पांच्या पाठीत धपाटा बसला होता आणि साठीला टेकेपर्यंत तो त्यांना आठवत होता.

पण त्यांना आठवायचं ते काही धपाट्यापुरतं नव्हतं. कमळाच्या पानावर वाढलेली जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी आठवायची. धाकटी बहीण गौरम्मा पानाची टोपी करून डोक्यावर घालायची आणि पाणकोंबड्यांना कानडीतून शिव्या द्यायची. पाणी इतकं नितळ, की छातीभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं मोजता यायची. कॉलेजच्या व्हरांड्यात स्टुलावर बसलेल्या मामांचे डोळे कधीमधी मिटलेले दिसत. मिलचा भोंगा झाला तरी ते उघडत नसत. येडूला वाटायचं म्हातारा पेंगतोय. म्हातारा तळ्यात असायचा.

पुढं तळ्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी एक रंगखाना आला. चादरींचं सूत तिथं रंगायचं आणि रंगलेलं पाणी ओढ्यानं तळ्यात यायचं. कमळं हळूहळू विरळ झाली, त्यांच्या जागी निळसर फुलांचं केंदाळ पसरलं. फुलाऱ्यांपैकी कोण मिलमध्ये गेलं, कोण बार्शीच्या अडत्याकडं हमालीला लागलं, नागप्पा कॉलेजात चिकटले. गावात राहिली ती गौरम्मा, विधवा, एका मुलाच्या संसारात. तळ्याकाठी वाळूत खड्डा काढून त्यात झिरपलेलं पाणी भरायचं, त्याला तिकडं बुडकी म्हणतात. गावाचं पिणं या बुडक्यांवर होतं. पाण्याला कधी तांबूस छटा दिसायची, कधी दिसायची नाही. गौरम्माचा त्यावर विश्वास उरला नव्हता. ती अर्ध्या कोसावरच्या मळ्यातल्या विहिरीवरून दोन घागरी आणायची, पंचावन्नाव्या वर्षी, गुडघे धरून.

सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात, प्रयोगशाळेतल्या दाक्षायणीबाईंनी नागप्पांना बोलावलं. बाई तिशीच्या, नव्यानं लागलेल्या, घरी कानडी बोलणाऱ्या, त्यामुळं मामांशी त्यांचं चांगलं जमे. होसकट्टीच्या पंचायतीनं पाण्याबद्दल अर्ज केला होता आणि आरोग्य खात्याला कुणीतरी तपासून द्यायला हवं होतं. बाईंनी ते काम अंगावर घेतलं. नुसतं पाणी तपासून भागत नाही, त्यांनी मामांना समजावलं. रंगखाना आज पाणी सोडतो, उद्या सोडत नाही. तुम्ही बाटली भरायला जाल त्याच दिवशी पाणी चांगलं असायचं. केंदाळ मात्र रात्रंदिवस पाण्यात उभं असतं, पाण्यातलं बरंवाईट शोषून अंगात साठवतं. ते वाळवायचं, कुटायचं, भट्टीत जाळून राख करायची, राख आम्लात विरघळवून औषधाचे थेंब टाकायचे. रंग पक्का करायला वापरतात तो क्रोमियम नावाचा धातू त्यात असला, तर नळी जांभळी होणार. जितकी जांभळी तितका धातू जास्त.

झाडाला आठवण असते, हे नागप्पांना फार आवडलं. हे कुणी सांगावं म्हणूनच आपण इतकी वर्षं कॉलेजात थांबलो होतो, असं त्यांना वाटून गेलं. बाई एकदा त्यांच्याबरोबर येऊन गेल्या, ओढा तळ्याला मिळतो तिथली जागा दाखवली, दर शनिवारी तिथलं केंदाळ नीट स्वच्छ करून आणा म्हणाल्या आणि वाळवून कुटण्याचं कामही त्यांच्यावरच सोपवलं. मामांचा हात स्वच्छ, त्यात बघायचं काय?

मामांनी स्वच्छ केलं. वडिलांच्या दगडावर बसून तीनदा धुतलं. केंदाळाला खाली काळ्या मिशांसारखी मुळं असतात, त्यांत चिखल, शंखशिंपले, नाही नाही ते अडकलेलं. असलं ओंगळ कुणी प्रयोगशाळेत नेतं होय? मुळं खुडली, पिवळी पानं खुडली, त्यांची सोपटानं जुडी बांधून कोनाड्यात ठेवली आणि हिरवीगार, तकतकीत पानं तेवढी पिशवीत घालून एस.टी. पकडली. कॉलेजात वाळवून त्याची पिठासारखी पूड केली आणि बाईंच्या हाती दिली. शनिवारमागून शनिवार हेच चाललं. नळीतलं पाणी प्रत्येक वेळी जवळजवळ बिनरंगीच राहिलं. बाई बुचकळ्यात पडत, पण आकडे लिहून घेत. मामांचा ऊर मात्र भरून यायचा. आपलं तळं नितळ आहे, कॉलेजच्या काचेनं सांगितलंय.

फेब्रुवारीत गौरम्मानं विचारलं, की बाईच्या नळीत काय दिसतंय, बुडकीचं पाणी प्यावं का नको. नागप्पांनी क्षणभरही विचार केला नाही.

"पी की बिनघोर. पाणी लई चांगलं हाय. म्या माज्या डोळ्यांनी बगितलंय."

थोरल्या भावाचा शब्द. गौरम्मानं मळ्यातल्या विहिरीची वाट सोडली. दोन घरं टाकून राहणाऱ्या बायकांनीही सोडली, कारण गौरम्माचा भाऊ कॉलेजात होता.

मे महिन्याच्या तोंडाला मामांना हिवताप आला आणि त्या शनिवारी येडू गेला. येडूनं आपल्या स्वभावाला जागून, हाताला लागलं ते केंदाळ मुळासकट, चिखलासकट पोत्यात कोंबलं, तसंच वाळवलं, तसंच कुटलं. बाईंनी त्याची राख केली, थेंब टाकले आणि नळी पिकल्या जांभळासारखी झाली.

मामा आठवड्यानं कामावर आले तेव्हा बाई हसत होत्या. तुमच्यावाचून अडतं बघा, म्हणाल्या. येडूनं कुठलं तरी रंगाचं पोतं वापरलं असणार, सगळा नमुना वाया घालवला. अहवाल शुक्रवारी आरोग्य खात्याला पाठवायचाय, पंधरा शनिवारांचे आकडे पुरेसे आहेत, येडूचा सोळावा आपण धरायचा नाही.

जांभळी नळी अजून रॅकमध्येच होती. नागप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग व्हरांड्यात जाऊन त्यांनी येडूला विचारलं, की पोतं कुठलं होतं. ज्वारीचं, घरचं, तो म्हणाला. धुतलंस काय काय? काय बी न्हाय, येडू म्हणाला, आणि आता मामा बोलणार म्हणून खाली मान घातली. 

मामा स्टुलावर बसले. त्या दिवशी डोळे मिटूनही तळं दिसेना. काळ्या मिशा दिसत होत्या, त्या खुडणारी आपली बोटं दिसत होती. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. तळं कागदोपत्री नितळ राहिलं असतं, मामांचा हात स्वच्छ राहिला असता आणि बाईंचं काम वेळेवर झालं असतं. फक्त गौरम्मा रोज घागर भरत राहिली असती. दुपारचा भोंगा झाला तसे ते उठले, हात धुवायला म्हणून नळाशी गेले आणि न धुताच माघारी फिरून बाईंपुढं उभे राहिले.

"बाई, येडूनं बराबर आणलंय. खोटं आणलं ते म्या. मुळं खुडून टाकली म्या, पंधराच्या पंधरा येळा. पिवळी पानं बी. देवाचं निवडावं तसं निवडलं."

 चार महिन्यांचं काम बाईंपुढं वहीत होतं. धातू मुळांत साठतो, पानांत जवळजवळ चढतच नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मुळं पुडीत आहेत की नाहीत हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, की स्वच्छ करून आणा हे शब्द माझेच होते. मग एकदम काहीतरी सुचून त्यांनी विचारलं, खुडलेल्या मुळांचं काय केलंत?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं होसकट्टीला गेले. काळ्या दगडामागच्या कोनाड्यात पंधरा जुड्या ओळीनं होत्या, सोपटाच्या गाठी जशाच्या तशा, पहिली जानेवारीची, शेवटची एप्रिलची. श्रावण अजून लांब होता म्हणून वाचल्या होत्या. बाईंनी एकेक जुडी हातात घेतली आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मामांना नीट कळलं नाही, कारण त्यांना बाईंकडं बघवत नव्हतं. चिखलाची शंका नको म्हणून बाईंनी कॉलेजात ती मुळं स्वतः नळाखाली धुतली. तीनदाच. आठवड्यानं रॅकमध्ये पंधरा नळ्या लागल्या, जानेवारीची फिकी, मग उन्हाळ्यानं पाणी आटत गेलं तसतशा गडद होत गेलेल्या. अहवाल आठ दिवस उशिरा गेला, पण खरा गेला.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळी, बाई जुड्या पिशवीत भरत असतानाच, बुडकीवरून गौरम्मा येताना दिसली. डोक्यावर भरलेली घागर, कमरेवर कळशी. नागप्पा पुढं झाले, तिच्या डोक्यावरची घागर उतरवली आणि वाळूत पालथी केली. मग कळशीही. काय झालं ते त्यांनी बहिणीला सांगितलं, काही लपवलं नाही. गौरम्मानं ऐकून घेतलं. 

"अण्णा," ती म्हणाली, "तू धूत बसलास आन्‌ आमी पीत बसलो."

एवढं बोलून तिनं रिकामी घागर उचलली आणि मळ्यातल्या विहिरीच्या वाटेला लागली. अर्ध्या कोसाची वाट. नागप्पा मागं गेले नाहीत. जायचा हक्क आपण घालवलाय असं त्यांना वाटलं आणि ते खरंच होतं.

पुढचा शनिवार उजाडला तेव्हा जावं की न जावं, याचा घोर त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत होता. बाईंना आता मुळांसकट ताजा नमुना हवा होता, म्हणून गेले. तळ्यावर पोचले तर ओढ्याच्या तोंडाशी गौरम्मा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, लुगड्याचा काचा मारून, लहानपणी असायची तशी. तिनं केंदाळाचा एक गठ्ठा बुडापासून उपसला. काळी मुळं, चिखल, शंख, कुजकी पानं, सगळं खाली लोंबत होतं. तशीच काठावर आली आणि तो गठ्ठा तिनं भावाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, दोन्ही हातांत दिला.

"घे अण्णा. आता धुऊ नको."

परतीच्या गाडीत कंडक्टर कुरकुरला, कारण बाकाखाली पाणी गळत होतं. नागप्पांनी गठ्ठा मांडीवर घेतला. धोतराला चिखल लागला. वरच एक पिवळं पान होतं, आणि त्यांचा हात सवयीनं दोनदा त्याच्याकडं गेला. सोलापूर येईपर्यंत त्यांनी मग दोन्ही हात काखेत दाबून धरले.