शेवगावची बिजागरी

नगरच्या एमआयडीसीत पेरणी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइनला होतो. कॉम्प्युटरवर एकेका पार्टचं थ्रीडी मॉडेल काढायचं, हे काम. फाइलला नाव द्यायची आमच्याकडे एक रीतच पडली होती. ज्यानं पार्ट काढला, त्याच्या गावाचं नाव. माझ्या फाइली 'शेवगाव', शेजारच्या टेबलावरच्या दादांच्या 'देवळाली'. आत कोणता पार्ट आहे ते नावावरून कळायचं नाही, त्यामुळे जुना पार्ट हवा असला की तो काढणाऱ्या माणसाकडेच मागावा लागे.

मी कधी मागितला नाही. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. वडील शेवगावच्या मार्केट यार्डात हमाल. दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही, हे मला चालता यायला लागल्यापासून ऐकवलेलं. प्रत्येक पार्ट मी कोऱ्या स्क्रीनवर स्वतः काढला.

दादा चिडवायचे, "इंजिनेरसायब, सुईबी घरीच बनवता का?"

"येते बनवायला, म्हणून बनवतो."

मला कायम करायची वेळ आली आणि त्याच सुमाराला आकार जुळवणारं सॉफ्टवेअर आलं. त्याला नावगाव लागत नाही. एक पार्ट दाखवला की त्याच्यासारखे दिसणारे सगळे जुने पार्ट शोधून समोर मांडतं. साहेबांनी मला शेजारी बसवलं आणि बियाण्याच्या पेटीच्या झाकणाची माझी बिजागरी निवडली. खाली रांगच लागली. सगळ्यात वर देवळालीची. तीच भोकं, तोच बाक, मी कारखान्यात यायच्या कितीतरी आधीची. मग माझा क्लॅम्प लावला. तेच. मग माझी पट्टी.

"असलेलंच पुन्हा काढत बसलास," साहेब म्हणाले. "दर नव्या पार्टला नवी डाय लागते, नव्या साच्याचा खर्च येतो, कळतं ना?"

"चोरलं तर नाही ना, साहेब?"

"अरे, तेच तर करायचं होतं."

चहाला दादा म्हणाले, "आरं, मागितली आसती तर दिली नसती का मी?" या वेळी ते चिडवत नव्हते, म्हणून जास्त लागलं.

मला कायम केलं नाही. जुळणाऱ्या पार्टांतला सगळ्यात जुना ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे, असं ठरलं. शेवटच्या आठवड्यात 'शेवगाव' नावाच्या फाइली मीच पुसल्या.

पोरगा कायम होणार, हे वडिलांनी यार्डात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. घरी गेलो तर दारातच विचारलं, "झालास का कायम?"

"नाही."

"का? दुसऱ्याचं काही उचललं का काय?"

"उचललं नाही, म्हणूनच."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आन हे यार्डात कसं सांगू मी?"

आता दुसऱ्या कारखान्यात आहे, कायम आहे. पार्ट हवा असला की आधी शोधतो. बहुतेक वेळा सापडतो. वडील फोनवर विचारतात, "आज काय बनवलं रं?"

"लई काम होतं," एवढंच सांगतो.