घोंगडीआडची गोळी
रिव्हॉल्व्हरची नवी, लागताच पोकळ टोकाशी फुलून अंगातच थांबणारी गोळी घोंगडीआडूनही फुलते का, एवढाच आमचा प्रश्न होता. ओल्या घोंगडीचा वास आला की तो दिवस आठवतो. ईट गावाजवळच्या वस्तीवरचे माझे परवानाधारक शेजारी गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराच्या शब्दावर खूश होते. "गुरुजी, ही पलीकडं जातच न्हाय. पत्र्याआड माझी लेकरं निजत्यात, मला हेच पाहिजे." मी विचारले, "थंडीतला चोर काही न पांघरता येईल का?" त्यांच्या पत्नीने जुनी घोंगडी काढून दिली आणि नवऱ्याला बजावले, "भोकं पडली तर तुम्हीच पांघरा." सरावाच्या मैदानावर मातीच्या ढिगापुढे आम्ही पाण्याचे कॅन ओळीने मांडले. पहिली गोळी फुलून कॅनमध्येच थांबली. नवे कॅन मांडून पुढे घोंगडी टांगली, तेव्हा दुसरी सगळे कॅन भेदून मातीत रुतली आणि उडालेल्या पाण्याने घोंगडी भिजली. उकरून पाहिले, तर टोकाच्या पोकळीत लोकर गच्च बसली होती आणि टोक फुललेच नव्हते. शेजारी ती तळहातावर फिरवत राहिले. "म्हंजे लेकरांपतूर गेली असती," एवढेच म्हणाले, आणि घरी जाताच त्यांनी लेकरांची अंथरुणे पत्र्यापासून हलवली. अशा गोळीवर विसंबू नये, हे माझे मत आजही कायम आहे. तरी परवानाधारकांनी सरावाच्या मैदानावर आपल्याकडचे पांघरूण टांगून हे मत स्वतः पडताळून पाहावे.