अबोल्याचं कुलूप

आता कुठून सुरुवात करू? घोटाळे माझ्या हातून पुष्कळ झाले, पण इतका डोकं लावून केलेला हा एकच. चहा घ्या, निवतोय. आणि मधे हसायचं नाही. त्या दिवशी मलाही हसू आलं नव्हतं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला काचेची खोली, खोलीला एसी, आणि चपला बाहेर. आमच्या देवघरातसुद्धा एवढं सोवळं नव्हतं! मी तेव्हा डिस्पॅचला, पत्र्याच्या शेडखाली. नाशिकची हवा थंड म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात तिथे एक दुपार काढून दाखवावी. पुण्याच्या पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला कुणी तयार होईना, म्हणून मी गेलो, आणि परतलो तो कॉम्प्युटर-इनचार्ज होऊनच. काचेच्या आत, एसीत.

कामाची पद्धत अशी: प्रत्येक खात्याचा एक गट. स्टोअर्सचा, खरेदीचा, डिस्पॅचचा. गटातल्या सगळ्यांना मिळून एकच परवलीचा शब्द, हल्ली शेंबडं पोरही ज्याला पासवर्ड म्हणतं तो. तो टाकला की त्या खात्याची यादी उघडणार. आता मला सांगा, आठ माणसांत एक गुपित किती टिकेल? आठवड्यात तो शब्द कँटीनच्या आचाऱ्याला पाठ. वॉचमन तर तो विचारणाऱ्यालाच काय, न विचारणाऱ्यालाही सांगायचा. मग एके सकाळी स्टोअर्सच्या यादीत बेअरिंगच्या जागी बटाटेवडे निघाले. नग चारशे, रॅक नंबर सात.

मॅनेजर दीक्षित साहेबांनी बोलावलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "गायधनी, पंधरवड्यात हे बंद झालं पाहिजे. डिस्पॅचची तुमची खुर्ची अजून रिकामीच ठेवलीय."

दोन दिवस मला जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी सुचलं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात ना? तसा शब्द दोघांत वाटायचा. पहिला अर्धा एकानं टाकायचा, दुसरा अर्धा दुसऱ्यानं. इथवर कुणीही पोचेल. मी पुढे गेलो. त्या दोघांनी एकमेकांना सांगून टाकलं तर? म्हणून दोघं असे निवडायचे, की त्यांचं आपसात बोलणंच नाही!

कारखान्यात अबोला शोधायला दुर्बीण लागत नाही. स्टोअर्समध्ये तर अव्वल दर्जाचा होता. सोनवणे नामपूरकडचे, अहिराणी मुलखातले; भालेराव नाशिकरोडचे. तीन वर्षांपूर्वी कंपनीची सहल वणीला गेली, तेव्हा परतताना बसमध्ये माणसं मोजायचं काम भालेरावांकडे होतं. त्यांनी 'सगळे आले' म्हणून सांगितलं आणि बस सुटली. सोनवणे तिकडे पेरू निवडत होते. ते कांद्याच्या ट्रकवर बसून दुसऱ्या दिवशी घरी पोचले. तेव्हापासून दोघं पाठीला पाठ लावून बसायचे, आणि बोलायचं झालंच तर शिपायाकरवी चिठ्ठी.

दोघांना मी वेगवेगळं गाठलं. म्हटलं, रोज डोळ्यांसमोर असतं असं काहीतरी ठेवा, इंग्रजी अक्षरांत, म्हणजे विसरणार नाही. मलासुद्धा सांगू नका. वर आणखी एक कडी घातली: तीनदा चुकलं की त्या गटाला टाळं, आणि ते उघडायला मुंबईहून इंजिनिअर. हेही माझंच डोकं.

पंधरवडा लोण्यासारखा गेला. सकाळी सोनवणे येऊन आपला अर्धा टाकायचे, मग भालेराव आपला. दीक्षित साहेब इतके खूष, की एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन थेट काचेच्या खोलीत आले. कुठलाही पार्ट सांगा, म्हणाले, एका मिनिटात शिल्लक दाखवतो.

सोनवण्यांनी आपला अर्धा टाकला आणि उठले. भालेराव बसले. आणि लाइट गेली.

जनरेटर सुरू झाला, मशीन पुन्हा जागं झालं. एसी काही झाला नाही. मी पाहुण्यांना 'लाइट हो, लाइट' असं समजावत होतो, तेवढ्यात भालेरावांनी आपला अर्धा टाकून दिला. सोनवण्यांचा तर लाइटबरोबर गेलेला! पण परवलीची अक्षरं पडद्यावर दिसतच नाहीत, आणि भालेराव त्यांना विचारणार नाहीत. पडदा म्हणाला, चूक. भालेरावांनी पुन्हा आपलाच टाकला. हे बघून सोनवण्यांनी घाईनं वाकून त्याच्यापुढे आपला जोडला. उलटी गाडी. पुन्हा चूक.

आता उरली एक खेप. मी सांगितलं, आधी सोनवणे, मग भालेराव. पण शेवटच्या खेपेला हात लावायचा कुणी? टाळं पडलं तर नाव कुणाचं?

भालेराव माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, स्वतःचा शब्द आठवत असेल तरच बसा."

सोनवणेही माझ्याकडेच बघून म्हणाले, "मना शब्द बरोबर शे. यांनाच विचारा, यांनी काय टाकलं."

दोघांमध्ये अंतर हातभर. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. दीक्षित साहेब मशीनकडे बघतच नव्हते, ते माझ्याकडे बघत होते. माझा शर्ट पाठीला चिकटला. मला पत्र्याची शेड दिसायला लागली.

आणि तीन वर्षांनी सोनवणे भालेरावांकडे वळले.

"वणीला माणसं मोजली, तशीच अक्षरं मोजतोस ना रे?"

भालेराव लाल झाले. "मोजूनच टाकलीत. आठ. गायधनी. यात चुकण्यासारखं काय आहे?"

माझं नाव! रोज डोळ्यांसमोर असतं ते! खोटं कशाला सांगू, क्षणभर मला भरून आलं.

सोनवणे मात्र त्यांच्याकडे बघतच राहिले. "तू पण?"

"म्हणजे?"

"मी पण यांनाच ठेवलं. फक्त नाव घेतलं नाही."

दीक्षित साहेब शांतपणे म्हणाले, "काय ठेवलंत, सोनवणे?"

"गाढव, साहेब. सहा अक्षरं."

"गायधनी, बसा," साहेब म्हणाले. "तुम्हीच टाका. सावकाश. चुकू नका."

मी बसलो. पाहुणे मागून एकेक अक्षर सांगत होते, मी टाकत होतो. चौदावं पडलं आणि यादी उघडली. पाहुणे डोळे पुसत ऑर्डर देऊन गेले. सोनवणे-भालेराव गळ्यात हात घालून चहाला गेले, मला न विचारता.

शब्द आता जगजाहीर झालाय, तो बदलावा लागेल, असं मी साहेबांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, कशाला? कुणी विसरणार नाही असा पहिल्यांदाच मिळालाय. उलट सगळ्या खात्यांना तोच लावा, आणि काचेच्या खोलीच्या किल्ल्या भालेरावांकडे द्या.

मी डिस्पॅचला परत. तिथेही एव्हाना एक मशीन येऊन बसलं होतं. पुढची सहा वर्षं रोज सकाळी, पत्र्याखाली घाम पुसत, मी स्वतःच्या बोटांनी ती चौदा अक्षरं टाकायचो. मशीन एकदाही 'चूक' म्हणालं नाही.